आवक दुव्यांची पारख

मराठीत ‘दुवा’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. साखळीची एक कडी दुसरीत गुंतविणारा जो सांधा, तो दुवा. आणि तृप्त झालेल्या माणसाने मनापासून चिंतिलेले जे शुभ, तोही दुवाच. हा दुसरा अर्थ अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि आता इतका मुरला आहे की, त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. संगणकाच्या व्यवहारात एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या खुणेला मराठी लेखकांनी ‘दुवा’ म्हटले ते उघडच पहिल्या अर्थाने. परंतु या व्यवहाराकडे थोडे निरखून पाहिले तर दुसरा अर्थही तेथे तितकाच चपखल बसतो, असे दिसून येईल. एखाद्या संकेतस्थळाचा चालक आपल्या वाचकास ‘अमुक पान पाहा’ असे सांगतो, तेव्हा तो त्या पानास नुसता जोडला जात नाही. तो त्यास आपल्या पदरची थोडी पत देतो.

कचेरीत ज्याप्रमाणे आवक-जावक बारनिशी असते, त्याप्रमाणे दुव्यांचेही दोन वर्ग पडतात. आपल्या पानावरून आपण इतरांकडे दिलेले ते जावक दुवे. इतरांनी आपल्याकडे दिलेले ते आवक दुवे. जावक दुवे आपल्या हातचे असतात. आवक दुवे लोकांच्या हातचे. म्हणून एखाद्या स्थळाची योग्यता ठरविताना आवक दुव्यांस महत्त्व आले. स्वतःविषयी माणूस काय सांगतो यापेक्षा चार माणसे त्याच्याविषयी काय सांगतात याकडे आपण सोयरीक जुळविताना अधिक लक्ष देतो, त्यातलाच हा प्रकार होय.

हा विषय संगणकाच्या धंद्यातील लोकांचा आहे, गृहस्थाला त्याचे काय, अशी शंका वाचकांच्या मनात येण्याचा संभव आहे. तिचे उत्तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यापुरते तरी सोपे आहे. सन २०१७ च्या पावसाळ्यात येथील कपाशीच्या शेतांत कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा झाली आणि वीसांहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशीचे अतोनात नुकसान केले. कोणते औषध, किती पाण्यात, कशात मिसळावे व कशात मिसळू नये, तोंडावर काय बांधावे, या प्रश्नांची चुकीची उत्तरे किती महाग पडू शकतात हे त्या पावसाळ्याने आम्हांस शिकविले. हेच प्रश्न आज घाटंजी, आर्णी, पांढरकवडा या बाजूची शिकलेली मुले खिशातील फोनला विचारतात, आणि जे पान सर्वांत वर दिसेल त्याचे म्हणणे वडिलांस वाचून दाखवितात. घरोघरी औषधोपचार, कर्जे, शिष्यवृत्त्या, वधूवरसंशोधन यांविषयीही हेच चालले आहे. तेव्हा ‘हे पान वर का आले? त्यास वर चढविणारे कोण?’ हा प्रश्न ज्यास विचारता येत नाही, तो अर्धा निरक्षरच समजावयाचा.

या विद्येचा उगम संगणकात नसून ग्रंथालयात आहे. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड या गृहस्थाने १९५५ साली अशी कल्पना मांडली की, शास्त्रीय निबंधांच्या शेवटी पूर्वीच्या ज्या निबंधांचे उल्लेख असतात, त्यांचीच एक सूची करावी. म्हणजे कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला, हे एका दृष्टिक्षेपात कळेल. १९६४ साली अशी सूची प्रत्यक्ष प्रसिद्ध होऊ लागली. पुढे १९७६ मध्ये पिन्स्की व नारिन या दोघांनी आणखी एक पाऊल टाकले. सर्व उल्लेख सारख्या मोलाचे नसतात, ज्या नियतकालिकाचा आधार इतर थोर नियतकालिके घेतात त्याच्या उल्लेखास अधिक वजन द्यावे, असे त्यांनी दाखविले.

हेच तत्त्व लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांच्या अफाट जाळ्यास लावले आणि १९९८ साली त्यातून गूगल हे शोधयंत्र उभे राहिले. त्यांची रीत थोडक्यात अशी. प्रत्येक पानास काही वजन असते. ते पान जितक्या ठिकाणी दुवे देते, तितक्या ठिकाणी ते वजन सारखे वाटले जाते. बारा मापे वजनाच्या पानाने तिघांसच दुवे दिले तर प्रत्येकास चार मापे मिळतील. तेच शंभरांस दिले तर प्रत्येकाच्या वाट्यास चिमूटभर येईल. ज्याच्याकडे अशा वाट्यांची बेरीज मोठी, ते पान वजनदार.

येथे न्यायशास्त्र शिकलेला वाचक चटकन आक्षेप घेईल की, हा तर धडधडीत अन्योन्याश्रय दोष झाला. अमक्याचे वजन तमक्यावर आणि तमक्याचे अमक्यावर! आक्षेप योग्य आहे. परंतु गणिताने त्यातून वाट काढली आहे. आरंभी सर्व पानांस सारखेच वजन आहे असे धरावयाचे, मग वाटणी करावयाची, आलेल्या वजनांची पुन्हा वाटणी करावयाची, आणि हे चक्र पुनःपुन्हा फिरवावयाचे. काही फेऱ्यांनंतर आकडे हलेनासे होतात; स्थिरावलेले ते आकडे हेच उत्तर. मध्येच कोठे वजन अडकून पडू नये म्हणून असेही धरतात की, दुव्यामागून दुवा धरून हिंडणारा वाटसरू अधूनमधून कंटाळतो आणि भलत्याच पानापासून नव्याने प्रवास सुरू करतो. मूळ निबंधात तो शंभरांतून पंच्याऐंशी वेळा दुव्यानेच पुढे जातो असे साधारणतः धरले आहे.

ही युक्ती निघाली तेव्हा दुवे बहुतांशी निर्मळ मनाने दिलेले असत. परंतु ज्या गोष्टीने पत वाढते तिचा बाजार मांडला जाण्यास वेळ लागत नाही. दुवे विकणारी दुकाने निघाली. एकमेकांस दुवे देण्याचे करार झाले. केवळ दुवे पुरविण्यासाठी निर्जीव स्थळांचे मळेच्या मळे लावले गेले. २०११ च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकेतील मोठ्या दुकानदार कंपनीचे प्रकरण उघडकीस आणले. कपड्यांपासून फर्निचरपर्यंत कशाचाही शोध घ्या, याच कंपनीचे नाव अग्रभागी येई. शोध घेता असे आढळले की, तिच्याकडे येणारे पुष्कळसे दुवे ज्यांचा कपड्यांशी किंवा फर्निचरशी काडीचा संबंध नाही अशा स्थळांवर पेरलेले होते. ते आपण पेरले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे पडले. पेरणारा कोणी असो, गूगलने त्या पानांस पुष्कळ खाली ढकलले. पुढे एप्रिल २०१२ मध्ये अशा कृत्रिम दुव्यांस निष्प्रभ करणारी ‘पेंग्विन’ नावाची व्यवस्था आली आणि २०१६ पासून ती शोधयंत्राच्या नित्य कारभाराचाच भाग झाली.

द्वेषानेही दुवे वापरले गेले. दुवा ज्या शब्दांवर बसविलेला असतो, त्या शब्दांसही शोधयंत्र महत्त्व देते. याचा फायदा घेऊन २००३ च्या सुमारास काही टवाळांनी ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या चरित्राचे दुवे ठिकठिकाणी बसविले. परिणामी ते शब्द शोधणाऱ्यास राष्ट्राध्यक्षांचेच चरित्र प्रथम दिसू लागले! २००७ साली गूगलने या खोडीचा बंदोबस्त केला. तात्पर्य, दुव्यांची नुसती संख्या म्हणजे योग्यता नव्हे.

मग पारख करावी कशी? आपल्या नैयायिकांनी शब्दप्रमाणाचा विचार करताना ‘आप्त’ कोणास म्हणावे, हे फार नेमके सांगितले आहे. ज्याने ती वस्तू साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषीस, आर्यास आणि म्लेच्छासही सारखेच लागू आहे, असे वात्स्यायनाने स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे जात, कूळ, प्रतिष्ठा यांचा येथे संबंध नाही. जाणतेपणा व खरे सांगण्याची इच्छा या दोनच गोष्टी पाहावयाच्या. विषयाशी असंबद्ध स्थळाच्या दुव्यात पहिली गोष्ट नसते. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यात दुसरी नसते.

या दोन गोष्टींस तिसरी जोडावी लागते, आणि तिचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य हाती घेतले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याची धुरा वाहिली. ते १९४३ साली निवर्तले, तरी इतर विद्वानांनी काम चालू ठेविले आणि १९६६ साली ते तडीस गेले. एकंदर १२५९ हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली, असे सांगतात. आता एखादा श्लोक शंभर पोथ्यांत आहे आणि दहांत नाही, तर काय करावे? डोकी मोजणारा म्हणेल, बहुमत घ्या. सुकथनकरांनी तसे केले नाही. शंभर पोथ्या एकाच पोथीवरून उतरलेल्या असतील तर त्या शंभर साक्षी नव्हेत, एकच साक्ष होय. याच्या उलट, काश्मीरची शारदा लिपीतील पोथी व दक्षिणेतील मल्याळम लिपीतील पोथी यांची गाठभेट झालेली नसता त्यांचा पाठ जुळला, तर त्या दोघींचे वजन शंभरांहून अधिक. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही घरोघर ठाऊक असलेली कथा पुष्कळ पोथ्यांत असूनही याच न्यायाने मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. पोथ्या मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. दुव्यांचेही तेच.

एवढी भूमिका तयार झाल्यावर प्रत्यक्ष कसोट्या सांगता येतील.

पहिली कसोटी देणाऱ्याची. तो कोण आहे, त्याचे नावगाव पानावर आहे काय, त्याच्याकडे खरे वाचक येतात काय, हे पाहावे. ‘गव्ह डॉट इन’ ही अक्षरे आपल्या देशात केवळ सरकारी संस्थांनाच मिळतात. म्हणून तेथील दुव्यास ओळखीचा एक भक्कम पुरावा असतो. परंतु खऱ्या नावाशेजारी फसवे नाव थाटणारे भामटेही असतात. सबब पत्त्याची शेवटची अक्षरे नीट वाचावीत.

दुसरी कसोटी विषयसंबंधाची. कपाशीविषयीच्या पानास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने दुवा दिला, तर तो जाणत्याचा दुवा. तोच एखाद्या चित्रपटवार्तांच्या लोकप्रिय स्थळाने दिला तर वर्दळ वाढेल, प्रामाण्य वाढणार नाही.

तिसरी स्वातंत्र्याची. दहा दुवे दहा निरनिराळ्या माणसांनी आपापल्या बुद्धीने दिले आहेत, की एकाच मजकुराच्या दहा नकला आहेत? एकाच मालकाची दहा स्थळे आहेत? ‘तू मला दे, मी तुला देतो’ असा व्यवहार तर नाही? पोथ्यांची वंशावळ काढतात तशी दुव्यांचीही काढावी.

चौथी जागेची व शब्दांची. मजकुराच्या ओघात, कारण सांगून दिलेला दुवा वेगळा. आणि पानाच्या तळाशी, शेकडो नावांच्या गर्दीत कोंबलेला वेगळा. निरनिराळी माणसे दुवा देताना निरनिराळे शब्द योजतात. पन्नास ठिकाणी अक्षरशः तेच शब्द आढळले, तर ते एका टाकातून उतरले असे समजावे.

पाचवी औदार्याची. जो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास प्रमाणपत्र देतो, त्याच्या प्रमाणपत्रास किंमत नसते. मुख्याध्यापकांनी सरसकट सर्वांस ‘वर्तणूक उत्तम’ असे लिहून दिलेले दाखले नोकरी देणारा वाचीतसुद्धा नाही, हे आम्हां मास्तरांस चांगले ठाऊक आहे.

सहावी दानतीची. २००५ पासून अशी सोय आहे की, ‘हा दुवा माझी शिफारस समजू नये’ अशी अदृश्य खूण दुव्यास जोडता येते. आणि २०१९ पासून पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी वेगळी खूण आहे. जाहिरात असणे हे पाप नव्हे. जाहिरातीने शिफारशीचे सोंग घेणे, हे पाप.

या कसोट्या व्यवहारात कशा उतरतात हे एका उदाहरणाने सांगतो. आमचा एक माजी विद्यार्थी जिल्ह्यातील एका खेड्यात शेती करतो आणि बोंडअळी, कामगंध सापळे, फवारणीतील सावधगिरी यांविषयी मराठीत एक लहानसे संकेतस्थळ चालवितो. त्यास एका दुकानाचे पत्र आले: अमुक रुपये पाठवा, महिन्याभरात एक हजार आवक दुवे मिळवून देतो. त्याचे स्थळ शोधात फार खाली दिसत असे आणि भलती औषधे खपविणारी पाने वर असत. त्यामुळे त्याचा जीव तुटे. “गुरुजी, खोट्या वाटेने का होईना, खरी माहिती लोकांसमोर गेली तर वाईट काय?” असे त्याने विचारले. प्रश्न पोटतिडकीचा होता. त्यास नुसत्या नीतिपाठाने उत्तर देणे बरे नव्हे.

आम्ही दोघांनी मिळून त्याच्या स्थळाची आवक बारनिशीच मांडली. गूगलने स्थळचालकांसाठी एक विनामूल्य साधन ठेविले आहे. त्यात आपल्याकडे कोण कोण दुवे देतो याची यादी मिळते. यादीत अकरा दुवे होते. त्यांपैकी चार, हाती येईल त्याची नोंद करणाऱ्या सूचीस्थळांचे, ते शून्यवत्. एक परदेशातील जुगाराच्या स्थळाचा; तो कोठून आला हे देव जाणे, त्याकडे दुर्लक्ष केलेलेच बरे. तीन दुवे एकाच वृत्तपत्रीय बातमीच्या तीन नकलांतून आलेले. ते मिळून एक. उरलेले तीन असे: तालुक्यातील एका शाळेचा, एका कृषिशास्त्रज्ञाने केलेल्या वाचनीय पानांच्या यादीतला, आणि शेजारच्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने ‘ही रीत मी स्वतः करून पाहिली’ असे लिहून दिलेला. म्हणजे अकरांतून खऱ्या साक्षी चार. पण त्या चारही आप्तांच्या होत्या, आणि एकमेकांस न विचारता दिलेल्या होत्या.

मग त्यास सांगितले, “बाबा, विकत घेतलेले हजार दुवे शोधयंत्राने ओळखले तर ते मोजलेच जाणार नाहीत, पैसे गेले. कोणा माणसाने ते प्रकरण पकडले तर तुझे स्थळ आहे त्याहून खाली जाईल. आणि समजा ओळखले नाहीत, तरी उद्या भलते औषध विकणारा दोन हजार विकत घेईल. तुझ्याहून त्याची थैली मोठी आहे. या बाजारात खरे बोलणाऱ्याचा टिकाव लागत नाही, कारण तेथे खरेपणाला भावच नाही. ज्या चौघांनी तुला आपण होऊन दुवा दिला, तसे आणखी चार शोध. विद्यापीठाच्या विस्तार विभागास पत्र लिही. तुझ्या पानात चूक असेल तर ती दाखवा आणि बरोबर असेल तर उल्लेख करा, एवढेच माग.” त्याने तसे केले. एका तज्ज्ञांनी त्याच्या पानावरील औषधाच्या मात्रेतील एक चूक दाखवून दिली. दुवा मिळण्यापूर्वी त्यास ती दुरुस्ती मिळाली, हा लाभ काही लहान नव्हे. हजार विकतच्या दुव्यांपैकी एकानेही ती चूक दाखविली नसती.

तथापि या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. आवक दुवे पत दाखवितात, सत्य नव्हे. ज्यास चांगले दुवे आहेत तेही पान चुकू शकते, आणि ज्यास एकही दुवा नाही ते पान अक्षरशः खरे असू शकते. शोधयंत्रेही आता केवळ दुव्यांवर विसंबत नाहीत. पानाचा मजकूर, वाचकाची भाषा, त्याचे ठिकाण अशा कितीतरी गोष्टी ती पाहतात. अलीकडे तर ती स्वतःच उत्तर रचून देऊ लागली आहेत. अशा वेळी त्या उत्तराखाली कोणत्या पानांचा आधार दाखविला आहे ते उघडून पाहण्याची सवय मुलांस लावणे अधिकच अवश्य झाले आहे. निराधार काही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा करून मल्लिनाथ टीका लिहावयास बसत असे. यंत्रापाशीही तीच प्रतिज्ञा आपण मागितली पाहिजे.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांच्या व लेखकांच्या कानी घालावीशी वाटते. मराठी पानांकडे येणारे दुवे थोडे, याचे एक कारण आपणच आहोत. आपण दुसऱ्याचा मजकूर आवडला की तो उचलून, नाव गाळून, फोनवरून पन्नास जणांस पाठवितो; मूळ पानाचा दुवा मात्र देत नाही. मराठी विश्वकोशातील नोंदीचा आधार घ्यावयाचा आणि तिचा पत्ता द्यावयाचा नाही, हे पंक्तीत जेवून वाढणाऱ्याचे नाव विसरण्यासारखे आहे. त्यामुळे कष्ट करणारा अज्ञात राहतो आणि नक्कल करणारा वर येतो. घराघरांत आज कोणी पाककृती लिहितो, कोणी प्रवासवर्णन, कोणी कुलवृत्तान्त. प्रत्येकाने ज्याचे घेतले त्याचा दुवा प्रामाणिकपणे दिला, आणि न वाचलेल्या पानास भिडेखातर दुवा दिला नाही, तर मराठी पानांची पत आपोआप उभी राहील.

येत्या हंगामात कपाशीवर पहिली फवारणी होईल तेव्हा खेड्यापाड्यांतील मुले पुन्हा फोन हातात घेतील. त्यांनी वाचलेले वाक्य कोणाच्या भरवशावर वर आले आहे, हे विचारणारा एक तरी वडील माणूस त्या घरात असावा. तो घरातला आजोबा असेल, काकू असेल, नाहीतर दहावीत शिकणारी नातही असेल. त्याने एवढेच म्हणावे, “थांबा, याला दुवा कोणी दिला आहे, ते आधी पाहू.”